माळवस्तीचा गॅस आणि तीन फेल बोअर

‘माचिस हाय का कुणाकडं?’

आबांनी विचारलं आणि पाच-सहा जणांचे हात एकदम खिशात गेले. माळवस्तीच्या बोअरवर त्या दिवशी तालुक्याहून पाहुणे आले होते. बोअरच्या केसिंग पाइपवर लोखंडी झाकण बसवलं होतं आणि झाकणातून एक नळी बाहेर काढली होती. आबांनी काडी ओढून नळीच्या तोंडाशी धरली. आधी काहीच झालं नाही. मग भप्प आवाज झाला आणि वीतभर निळी ज्योत उभी राहिली. भर उन्हात ती धड दिसतही नव्हती. वरची हवा थरथरत होती, त्यावरून ज्योत आहे हे कळत होतं. पाहुण्यांनी मोबाइल काढले.

‘हे आमच्या वसतिगृहाचं पोरगं,’ आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘आता गॅसचे मोठे सायंटिस्ट हायेत. रिपोर्ट ह्यांचाच. जमिनीच्या पोटातला गॅस हाय, साधासुधा न्हाई.’

मी हसलो. तेव्हा हसलो याची आजही लाज वाटते. मी नेमकं तसं लिहिलं नव्हतं. पण जे लिहिलं होतं ते त्यापासून फार लांबही नव्हतं.

पाहुण्यांच्या मागे, लिंबाच्या सावलीला, वस्तीतल्या बायका घागरी आणि ड्रम घेऊन बसल्या होत्या. ज्योत चालू असेपर्यंत मोटर लावायची नाही, असा नियम होता. दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं. वस्तीतल्या तीसेक घरांना पाणी देणारा हा एकच बोअर उरला होता. पाहुणे आले की ज्योत लागायची आणि बायका थांबायच्या.

जीप गेल्यावर मोटर चालू झाली. तेव्हा रुक्मिणमावशी माझ्याजवळ आल्या. त्या माझ्या आईबरोबर एकाच टोळीत ऊस तोडायला जायच्या. मला त्यांनी उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाचटाच्या अंथरुणावर खेळताना पाहिलेलं.

‘लेकरा, तुझा तो गॅस जाऊ दे कुठं जायचा तिकडं,’ त्या म्हणाल्या. ‘मला एवढंच सांग. हे पाणी प्यावं का न्हाई?’

‘का? काय झालं पाण्याला?’

‘चहा काळा पडतुया. दूध घातलं तरी काळा. डाळ शिजता शिजत न्हाई. आन वास येतुया, उसाच्या फडात पाणी तुंबल्यावानी.’

मी ओंजळीत पाणी घेतलं. वास होता. फार नाही, पण होता. माझ्या रिपोर्टमध्ये पाण्याबद्दल एक शब्द नव्हता, कारण मला पाण्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

इथे थोडं मागे जायला हवं.

मी एका तेल आणि वायू कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. आई-वडील दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडायचे ते उन्हाळ्यात परत यायचे. त्या सहा महिन्यांत मी कुठं राहायचं, हा प्रश्न आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याने सोडवला. चेअरमन होते आबा. त्यांनी तोडणी कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. सातवीपासून मी तिथे राहिलो. पुढे अंबाजोगाईला कॉलेजात गेलो तेव्हा प्रवेशाच्या दिवशी आबा स्वतः जीप घेऊन आले होते. हे मी विसरत नाही आणि या गोष्टीतही ते विसरून चालणार नाही.

माझं काम काय, हे घरी समजावणं अवघड होतं. आईला बरेच दिवस वाटत होतं, मी सिलिंडरच्या गोदामात आहे. सोपं करून सांगतो. जमिनीतून निघालेला गॅस बाटलीत भरून आमच्याकडे येतो. त्यातला मुख्य गॅस मिथेन. मिथेनमध्ये कार्बन असतो. कार्बनचे अणू दोन प्रकारचे. बहुतेक हलके, आणि शंभरात साधारण एखादा किंचित जड. जळताना, वास घेताना, डोळ्यांनी पाहताना यांत काही फरक कळत नाही. मशीनला कळतो. जड अणूंचं प्रमाण ठरलेल्या मापापेक्षा हजारात किती कमी-जास्त आहे, तो आकडा मशीन देतं. मिथेनच्या बाबतीत आकडा बहुतेक वेळा उणे येतो. उणे साठ म्हणजे हलका गॅस. उणे चाळीस म्हणजे जड.

या आकड्यावरून गॅसचा जन्म कुठला, ते सांगता येतं. जिवाणू शेण, पाला, गाळ कुजवून जो मिथेन करतात तो हलका असतो. गोबरगॅस त्यातलाच. हजारो फूट खोल, खडकाच्या उष्णतेने शिजून तयार होतो तो जड. कंपन्यांना हवा असतो तो हा दुसरा. पहिला कुठल्याही खड्ड्यात मिळतो.

कारखान्याचे केमिस्ट शिंदे यांनी मला पहिली बाटली पाठवली ती सलाइनची होती. रबरी बूच, वर मेण. सोबत चिठ्ठी: माळवस्तीच्या बोअरमध्ये मोटर काढायला माणूस उतरवला, त्याने विडी पेटवली आणि भुवया जळाल्या. खरं तर तो उतरला नव्हता, तोंडाशी वाकला होता, हे मला नंतर कळलं. चिठ्ठीत शेवटी आबांचा निरोप होता: ‘आपल्या माणसाकडूनच तपासून घ्या.’

मी रविवारी मशीन लावलं. आकडा आला उणे एकेचाळीस. जड गॅस. मी दोनदा तपासलं.

एक गोष्ट खटकली होती. खोलातल्या गॅसमध्ये मिथेनबरोबर इथेन नावाचा त्याचा थोरला भाऊ थोडाफार असतो. इथे तो नव्हताच. पण त्यालाही उत्तर होतं. गॅस खोलातून वर येताना बारीक छिद्रांच्या खडकांतून, चिकणमातीतून येतो. या प्रवासाला आम्ही मायग्रेशन म्हणतो. मिथेनचा रेणू लहान, तो पुढे सरकतो. इथेन मागे अडकून राहू शकतो. आमच्याकडच्या काळ्या दगडाच्या थरांखाली जुना गाळाचा खडक असावा आणि त्यात गॅस असावा, असं आमच्या क्षेत्रात पूर्वीपासून बोललं जातं. म्हणून मी रिपोर्टमध्ये लिहिलं: ‘इथेनचा अभाव मायग्रेशनमुळे असू शकतो. गॅस खोलातला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

नाकारता येत नाही, हे आमच्या भाषेत सावध वाक्य आहे. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत आबांनी ते मोठ्याने वाचलं तेव्हा ते सावध राहिलं नाही. टाळ्या वाजल्या. ऊस नव्हता, गाळप महिनाभरात आटोपलेलं, सभासद हवालदिल झालेले. त्यांना काहीतरी हवं होतं आणि मी ते लिहून दिलं होतं.

तर त्या दिवशी मावशींनी पाण्याचं विचारलं आणि मला माझं वाक्य आठवलं. चहा काळा पडतो तो पाण्यात लोह उतरल्यामुळे. जमिनीत काही कुजत असेल, तिथला प्राणवायू संपला असेल, तर खडकातलं लोह पाण्यात उतरतं. हजारो फूट खालच्या गॅसचा चहाशी संबंध नाही.

‘मावशी, कधीपासून असं होतंय?’

‘गेल्या दिवाळीच्या मागंपुढं. पुनर्भरणाचं पाणी लागलं तवापास्न. आमाला वाटलं, नवं पाणी हाय, चव बदलणारच.’

‘कुठलं पुनर्भरण?’

त्यांनी हात वर करून माळ दाखवला. ‘वरची जुनी हीर. कारखान्याचं पाणी सोडलंय न्हवं तिच्यात. पयल्या दुष्काळातच ठराव केलता.’

मला हे माहीत नव्हतं. शिंद्यांना विचारलं. ते मोटरसायकलचं हँडल पुसत राहिले. मग त्यांनी सांगितलं. माळाच्या माथ्यावर एक पडीक विहीर होती, कोरडी ठाक. कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल काढल्यावर जे तांबडं-काळं पाणी उरतं ते प्रक्रिया करून सोडावं लागतं. दुष्काळात लोक ते पाणी वाहून जाताना बघायचे. सभेत कुणीतरी म्हणालं, हे पाणी वाया कशाला घालवता, आमच्या विहिरीत सोडा, जमिनीत मुरेल, बोअरला येईल. सगळ्यांना पटलं. आबांनी ठराव मांडला. पाइपलाइन सभासदांनी श्रमदानाने टाकली.

‘प्रक्रिया झालेलं पाणी होतं ना?’ मी विचारलं.

‘कागदावर,’ शिंदे म्हणाले. ‘साहेब, गाळप बंद, सगळा कारभार निम्म्या माणसांवर. प्रक्रियेच्या टाक्या धड चालू नव्हत्या. मी लिहून दिलं होतं. पण पाणी मागायला लोक रोज गेटवर. न्हाई कसं म्हणायचं?’

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. ते पाणी दुष्काळात माणसाने माणसाला दिलं होतं. म्हणूनच त्याच्याकडे कुणी संशयाने पाहिलं नव्हतं.

पण एक अडचण होती. त्या विहिरीतल्या मळीच्या पाण्यातून गॅस तयार झाला असेल तर तो जिवाणूंचा गॅस. तो हलका हवा. माझा आकडा जड होता. सलाइनच्या बाटलीवर दोष ढकलता आला असता. बाटलीत जिवाणू शिल्लक असतील तर ते वाटेतच गॅस खातात आणि आकडा बदलतो. म्हणून मी माळवस्तीच्या बोअरचं सॅम्पल पुन्हा घेतलं. बाटली पाण्याने भरून, बादलीत उलटी धरून, नळीतून गॅस आत सोडला, जिवाणू मारायचं औषध टाकलं, पाण्याखालीच बूच लावलं. हे काम नीट झालं, याची मला खात्री होती.

आता विहीर आणि बोअर या दोन टोकांच्या मधलं बघायचं होतं. त्यासाठी खोदकाम करावं लागेल, असं वाटलं होतं. लागलं नाही. विहीर आणि वस्ती यांच्यामध्ये साधारण किलोमीटरभर उतार आहे. त्या उतारावर लोकांनी पाण्याच्या आशेने घेतलेले बोअर होते. फेल गेलेले. प्रत्येकाच्या तोंडावर एक दगड नाहीतर पोत्यात गुंडाळलेलं मडकं. तीन बोअर अगदी सरळ रेषेत मिळाले. दुष्काळाने माझं काम आधीच करून ठेवलं होतं.

शिंदे आणि मी दोन दिवस उन्हात फिरलो. बारीक नळीच्या टोकाला दगड बांधायचा, नळी खाली सोडायची, हातपंपाने वरची हवा काढून टाकायची, मग खालचा वायू बाटलीत घ्यायचा. एका बोअरला तास-दीड तास. हात दुखून यायचे. बांधावर बसून दोघे-तिघे बघत असायचे.

‘काय सायंटिस्ट, पाणी लागलं का?’

‘पाण्यासाठी नाही, गॅससाठी.’

‘आमी ह्या भोकात पन्नास पाइप घातले, थेंब न्हाई आला. तुमी नळीनं काय काढता?’

‘वारा,’ शिंदे वैतागून म्हणाले.

‘वारा तर हितं वरबी लई हाय बे, शिंदे. फुकटात न्या.’

विहिरीतही उतरावं लागलं नाही. तळाच्या काळ्या पाण्यावर बुडबुडे दिसत होते. बादलीला उलटी बाटली आणि नरसाळं बांधून ते गोळा केले. शेवटी आणखी एक बोअर घेतला. माळाच्या पलीकडच्या उताराला आबांची मोसंबीची बाग आहे, तिथला. तो चालू होता. तिथे गॅस असायला नको होता. आमच्या कामात असं एक ठिकाण घ्यावंच लागतं, जिथे काही सापडू नये. पाण्याच्या बाटल्याही भरल्या, सगळ्या ठिकाणच्या.

लॅबमध्ये परत आल्यावर माझ्या साहेबांनी बॅग पाहिली.

‘हे कुठल्या प्रोजेक्टचं?’

‘कुठल्याच नाही, सर.’

‘मग मशीन कशाला?’

‘पहिला रिपोर्ट मी दिला होता, सर. तो चुकला असेल, असं वाटतंय.’

‘लॅबच्या लेटरहेडवर दिला होतास?’

‘हो.’

‘आधी विचारायचं होतंस.’

‘हो, सर.’

‘शनिवारी लाव,’ एवढंच म्हणून ते गेले.

शनिवारी लावलं. विहिरीतले बुडबुडे: उणे पंचावन्न. पहिला फेल बोअर: उणे बावन्न. दुसरा: उणे अठ्ठेचाळीस. तिसरा: उणे चव्वेचाळीस. माळवस्ती: पुन्हा उणे एकेचाळीस. आबांच्या बागेत मिथेन नाही.

मी आकडे ओळीने लिहिले आणि खुर्चीत मागे टेकलो. आनंद झाला नाही. गॅस माळावरून उतरत होता आणि उतरताना पायरीपायरीने जड होत होता.

असं का होतं, ते शेंगांवरून सांगतो. चार माणसं भुईमुगाच्या शेंगांचा ढीग घेऊन गप्पा मारत बसली आहेत. हात आधी सहज फुटणाऱ्या शेंगांकडे जातो. कठीण शेंगा बाजूला पडतात. तासाभराने ढीग लहान झालेला असतो आणि त्यात कठीण शेंगांचं प्रमाण वाढलेलं असतं. कठीण शेंगा कुणी बाहेरून आणून टाकलेल्या नसतात. सोप्या संपलेल्या असतात.

जमिनीतही तसंच झालं होतं. विहिरीच्या तळाला मळीच्या पाण्यातून मिथेन झाला. आमच्याकडे काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये मांजऱ्या नावाचा भोकंभोकं असलेला, भेगाळ थर असतो. त्यातून तो पाण्याबरोबर उताराने वस्तीकडे सरकला. वाटेत मिथेन खाणारे दुसरे जिवाणू होते. ते हलका मिथेन आधी खातात. जो वाचून वस्तीपर्यंत पोचला त्यात जड मिथेनचं प्रमाण वाढलेलं. शिवाय उसाचा कार्बन मुळातच इतर बऱ्याच झाडांपेक्षा थोडा जड असतो, म्हणून विहिरीतला आकडाही मला वाटला होता तितका हलका नव्हता. दोन्ही मिळून माळवस्तीच्या बाटलीत जो आकडा आला तो खोलातल्या गॅससारखा दिसत होता.

इथेन नाही याचा दोष मी मायग्रेशनवर टाकला होता. इथेन मुळात नव्हताच. आणि मायग्रेशनने खरोखर जे केलं होतं ते मी विचारातच घेतलं नव्हतं.

पाण्याचे आकडे त्याच दिवशी आले नाहीत, चार दिवसांनी आले. माळवस्तीचं पाणी पिण्यालायक नव्हतं. माझा पहिला रिपोर्ट जाऊन तोवर तीन महिने झाले होते.

मी आबांना फोनवर सांगितलं नाही. गेलो. ते बागेत होते. ठिबकच्या नळ्यांची तोंडं एकेक करून टाचणीने साफ करत होते. बारा वर्षांची बाग. गावात तेवढीच हिरवी होती.

‘बस,’ आबा म्हणाले. ‘कंपनी कधी येती?’

‘कंपनी येणार नाही, आबा.’

मी कागद काढले. आकडे दाखवले. शेंगांचं सांगितलं. टाचणी त्यांच्या हातात तशीच होती.

‘म्हंजे तुझा पयला रिपोर्ट खोटा का हा खोटा?’

‘आकडा दोन्ही वेळा खरा होता. अर्थ मी चुकीचा काढला.’

‘तू चुकलास आन तोंडावर आमी पडायचं.’

‘हो.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘सातवीत आलतास तवा तुला नीट चप्पल नव्हती. तुला शिकवलं ते ह्यासाठी?’

ह्यासाठीच, असं म्हणता आलं असतं. ते फार शहाणपणाचं वाटलं असतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कागद परत बॅगेत घालावेसे वाटले. ज्योत काही दिवसांनी आपोआप विझली असती. सगळे विसरले असते. पण बायका सकाळी त्याच बोअरवर पाण्याला बसल्या असत्या.

‘आबा, ते पाणी आजच बंद करावं लागेल. आणि विहिरीत सोडणंही.’

‘वस्तीनं काय प्यायचं मग? टँकर आठवड्यातून दोनदा येतो, तेबी आला तर.’

‘तुमचा बोअर स्वच्छ आहे. माळाच्या अलीकडचं पाणी वेगळ्या उताराला जातं. तिकडचं इकडे येत नाही.’

आबा हसले. कोरडं हसले. ‘वा. म्हंजे अख्ख्या शिवारात येकच बोअर चांगला, आन तो चेअरमनचा. हे मी सभेत सांगू? लोक दगडं मारतील.’

‘पाणी दिलं तर नाही मारणार.’

ते उठले. एका झाडाचं पान तोडून चुरगाळलं, वास घेतला, टाकून दिलं. ‘मेच्या मधोमध ठिबक बंद केलं तर आठ-दहा दिवसांत झाड माना टाकतं. म्हाईत हाय ना?’

‘माहीत आहे.’

‘जा तू आता. उद्या सकाळी वस्तीवर ये.’

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली सगळे जमले. आबा उभे राहिले. त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. गॅस खोलातला नाही. माझ्या लॅबची चूक झाली होती, ती लॅबने दुरुस्त केली. ते खाली बसले.

गलका झाला. ‘गॅस घालवला बे ह्यानं!’ मागून कुणीतरी ओरडलं. ‘कंपनीनं दाबला असंल ह्याला!’ दुसरा म्हणाला. मी उभा राहून म्हणालो, चूक माझीच होती, रिपोर्टवर सही माझी आहे. ते खरं होतं, त्यामुळे म्हणायला जड गेलं नाही. पण ते सगळं खरं नव्हतं आणि आबा पुढचं बोलत नव्हते.

रुक्मिणमावशींनी घागर बाजूला ठेवली.

‘गॅस ऱ्हाऊ द्या. पाणी कावून नासलं, ते सांगा की.’

मी आबांकडे पाहिलं. पाणी का बिघडलं हे सांगायचं तर विहिरीचं सांगावं लागणार, विहिरीचं सांगायचं तर ठरावाचं. आबा जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता मलाच त्यांच्या विरोधात बोलावं लागणार.

‘सांग,’ आबा म्हणाले. मान वर केली नाही.

मी सांगितलं. माळ, विहीर, मळीचं पाणी, मांजऱ्या थर, किती महिने. कठीण शब्द टाळून सांगितलं. मघाशी ओरडणारा पुन्हा उभा राहिला. ‘म्हंजे चेअरमननं आमाला नासकं पाजलं?’

‘ये, बस खाली,’ मावशी म्हणाल्या. ‘ठरावाला हात कुणी वर केलता? तू केलतास. पाइप पुरायला पयला तूच व्हतास, टिकाव घिऊन. म्या बी हात वर केलता. पाणी पायजे व्हतं सगळ्यांला.’ मग त्या आबांकडे वळल्या. ‘आता प्यायचं कुठलं, तेवढं बोला.’

‘माझ्या बोअरचं,’ आबा म्हणाले. ‘रोज सकाळी दोन तास.’

‘दोन तासांत तीस घरं व्हत न्हाईत.’

‘मावशे, झाडं हायेत माझी.’

‘आमीबी हाव.’

आबा उठून गेले. पण त्याच दिवशी शिंद्यांनी विहिरीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला आणि चाक काढून ऑफिसात ठेवलं. माळवस्तीच्या बोअरची मोटर उचलली. तीन दिवसांत श्रमदानाने नवी पाइपलाइन झाली, आबांच्या बोअरपासून वस्तीपर्यंत. सुरुवातीला पाणी दोन तास आलं. मग बायका बागेत जाऊन बसल्या आणि तीन तास यायला लागलं. मे लागला तेव्हा बोअरचं पाणी कमी झालं आणि जे होतं ते सगळं वस्तीला गेलं. बाग वाळली. आबांनी ती तशीच उभी ठेवली, पुढच्या वर्षी तोडली.

मी सगळे आकडे, सगळे नकाशे जोडून रिपोर्ट पुन्हा लिहिला आणि ग्रामपंचायतीला, कारखान्याला आणि पाण्याच्या सरकारी ऑफिसला पाठवला. ग्रामपंचायतीने पोच दिली. बाकीच्यांची आली नाही. वर्षभराने दुसऱ्या एका लॅबने त्या गॅसमधल्या कार्बनचं वय काढून दिलं. ही तपासणी सगळ्यांत खात्रीची, पण महाग आणि वेळखाऊ, म्हणून आधी केली नव्हती. तो गॅस लाखो वर्षांपूर्वीचा नव्हता. दोन-चार हंगामांपूर्वीच्या उसाचा होता.

माळवस्तीचं पाणी सुधारायला पुढचे तीन पावसाळे गेले. त्या काळात पोटाच्या तक्रारी किती जणांना झाल्या, त्यातल्या किती त्या पाण्याने, हे कुणी मोजलं नाही. मावशींच्या घरी गेलो की त्या चहा करून कप उन्हात धरतात आणि रंग दाखवतात. आबा भेटले तर बोलतात. वसतिगृहाचं, पावसाचं. गॅसचा विषय काढत नाहीत, मीही काढत नाही. लॅबमध्ये मला एक लेखी समज मिळाली. ती योग्यच होती.

आता मी एका बाटलीवर मत देत नाही. गॅस कुठे सापडला यापेक्षा तो कुठून चालत आला हे आधी विचारतो, आणि वाटेतल्या दोन-तीन ठिकाणच्या बाटल्या आल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही. सॅम्पलच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवून घेतला: ‘या ठिकाणचं पाणी कुणी पितं का?’ साहेबांनी विचारलं होतं, याचा गॅसशी काय संबंध. मी म्हणालो, बहुतेक वेळा नसतो. रकाना राहिला. शंभरातल्या नव्वद फॉर्ममध्ये तो रिकामाच येतो. मग मी फोन करून विचारतो.